एकशे बावीस

रात्रपाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता. एक बाई व्हीलचेअर ढकलत कॅज्युअल्टीत आल्या. खुर्चीत अकरा वर्षांचा मुलगा, चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम निथळतोय, आणि "डोकं फुटतंय" एवढंच म्हणत होता. दोन वर्षांपूर्वी मानेच्या मणक्याला दुखापत झालेली. छातीपासून खाली हालचाल नाही, संवेदनाही नाही.

मी बीपी घेतलं. १२२/८४. नाडी ५८.

"बीपी नॉर्मल आहे, ताई. आडवं करू या त्याला."

"आडवं नाही करायचं, सिस्टर. बसलेलाच राहू दे." आवाज अजिबात चढला नव्हता. पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "त्याचं वरचं बीपी नव्वदच्या आसपास असतं. हे बघा, रोजचं लिहिलंय."

माझ्या पोटात गोळा आला. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. परीक्षेत यावर लिहिलं होतं, समोर मात्र पहिल्यांदाच बघत होते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर मज्जारज्जूला इजा असली, की खाली काहीही खुपलं, लघवी तुंबली, शौच अडकलं, तरी रुग्णाला कळत नाही. शरीर मात्र खालच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि बीपी चढत जातं. मेंदू नाडी मंद करतो, पण 'सैल सोडा' हा त्याचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही. मुलांमध्ये नेहमीपेक्षा १५ ने वाढ झाली तरी धोक्याची. इथे ३० होती. कारण सापडलं नाही तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. आणि मी त्याला आडवं करायला निघाले होते. त्याने बीपी आणखी चढलं असतं.

डॉक्टर आले, औषध तयार ठेवलं. शोध मात्र बाईंनीच आधी सुरू केला होता. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घरून निघताना घालून झालेला. आम्ही पुन्हा घालून पाहिला, जेमतेम थोडी लघवी आली. पोट सकाळीच साफ झालेलं. पट्टा सैल केला, शर्टाची बटणं काढली. बीपी १२६.

"स्प्लिंट काढा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच खाली बसल्या.

पावलाला आधार देणाऱ्या त्या कडक साच्याच्या, स्प्लिंटच्या, कडेला उजव्या पायाचा अंगठा मोज्यात दुमडून दाबला गेला होता. जांभळट वण पडला होता. अंगठा मोकळा केला. पाच मिनिटांनी ११०, मग ९६. चेहऱ्यावरची लाली उतरली, तसा मुलगा आजूबाजूला बघायला लागला.

एरवी अशा आयांना आम्ही "जरा बाहेर थांबा" म्हणतो. मीही कित्येकदा म्हटलंय.

बाई अजून जमिनीवरच होत्या. पाऊल स्प्लिंटला लावून बघत होत्या. "पाच महिन्यांपूर्वीच करून घेतले होते. लहान झाले."

"म्हणजे पाय वाढला?" मुलाने विचारलं.

"बोटभर तरी."

"मग उंची पण मोजा ना."

रात्री एकच्या सुमाराला त्याला सपाट झोपवता येण्याइतकं बीपी स्थिरावलं. मी टेप आणली. टाच मी धरली, डोक्याकडचं टोक त्यांनी. १३८ सेंटिमीटर. बाईंनी वहीत बीपीच्या ओळीखाली ते लिहिलं आणि पुढे कंसात 'नवे स्प्लिंट'.