ठाणे ते कर्नाळा, 1929 च्या फोर्डमधून

पाचपाखाडीतून निघालो तेव्हा पावणेसात वाजले होते आणि नुकतं उजाडायला लागलं होतं. अंधारात निघायचं नाही, हा मामांचा हट्ट. सहा व्होल्टच्या दिव्यांचा उजेड आजच्या रस्त्यावर समईएवढा वाटतो, आणि मागे दिवा एकच. तुम्हाला समोरचं दिसत नाही यापेक्षा मागच्या ट्रकला तुम्ही दिसत नाही, ही मोठी काळजी. म्हणून मागे माझा भाचा त्याची रोजची गाडी घेऊन, चारही दिवे लुकलुकत ठेवून येत होता. ज्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीची गाडी घेऊन ठाण्याबाहेर पडायचंय, त्यांनी मागची गाडी ठरवल्याशिवाय बाहेर पडूच नये.

गाडी 1929 ची फोर्ड मॉडेल ए, उघडी टूरर. साडेतीन लिटरला थोडं कमी असं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस घोड्यांची, तीन गिअर, चारही चाकांना सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक. हायड्रॉलिक काही नाही. पेट्रोलला पंपही नाही. टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे आपल्या गुडघ्यांच्या वरच, आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरतं. म्हणून अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, सीटखाली बांधून ठेवलेला नको.

फेब्रुवारीतली ही फेरी खरं तर इंजिन नव्याने बांधल्यानंतरची चाचणी होती. मॉडेल एच्या बेअरिंगना आजच्यासारख्या तयार वाट्या नसतात. व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा मऊ मिश्रधातू, वितळवून रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओततात, मग बोअर करून मापाला आणतात, आणि फट पातळ शिमच्या पत्र्यांनी जुळवतात. हे काम करणारा माणूस वागळे इस्टेटमध्ये सापडला. वयस्कर टर्नर, मामांच्या एसटीच्या दिवसांतला ओळखीचा. ओतलेला धातू थंड झाल्यावर त्याने हातोडीच्या दांड्याने टकटक करून कान लावला. आवाज घट्ट आला की धातू नीट चिकटलाय, भसका आला की पुन्हा ओतायचं. दुसऱ्या रॉडचा आवाज त्याला पटला नाही. त्याने तो तिथल्या तिथे वितळवून पुन्हा ओतला, आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. असा माणूस मिळाला तर घाई करू नका, त्याला लागेल तेवढा वेळ द्या. आमचे दोन महिने गेले.

नव्या व्हाइट मेटलला पहिले काही शे किलोमीटर सांभाळावं लागतं, म्हणून वेग ताशी पन्नासच्या वर नेला नाही. कळव्याचा पूल चढताना दुसरा गिअर. या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, खाली येताना डबल क्लच करावाच लागतो: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच, मग दुसरा. मामा शेजारी बसून नुसते ऐकत होते. एकदा दाते कुरकुरले तेव्हा म्हणाले, "अगं, रेस कमी पडली. तिला अजून थोडी दे." पुढच्या वेळी गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

ठाणे-बेलापूर रस्ता रविवारी सकाळी बरा असतो. ऐरोली, रबाळे, घणसोली पटकन मागे पडलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी याच रस्त्याने जायचा विचारही करू नका; एमआयडीसीच्या ट्रकांमध्ये थांबत-सुटत गेलात तर सळ्यांच्या ब्रेकवर पाय भरून येतो आणि रेडिएटर तापतो तो वेगळाच. कोपरखैरण्याहून वाशीला वळून पामबीचला लागलो. इथे वाटलं की गाडीला मोकळा श्वास मिळाला. उजवीकडे खाडी, पाण्यावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि इंजिनाचा तो एकसुरी ठुकठुक आवाज. फ्लेमिंगो पाहायला थांबलो नाही. गाड्या इथे भरधाव येतात, आणि आमचे हातांचे इशारे आता कुणाला कळत नाहीत. उजवीकडे वळायचा हात बाहेर काढला तर एका मुलाने हसून टाटा केला. तेव्हा डाव्या लेनमध्येच राहा आणि वळण असेल तिथे मागच्या गाडीला आधी वळायला सांगा, म्हणजे ती रस्ता धरून ठेवते.

किल्ला जंक्शनवरून सायन-पनवेल महामार्ग, खारघर, कळंबोली, पनवेल, मग पळस्पे फाटा. तिथून मुंबई-गोवा रस्ता. शिरढोणला आत वळून दहा मिनिटं थांबलो. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. मामांचा हा नेम आहे, या रस्त्याने जाताना ते नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे मी पहिल्यांदा बोनेट उघडून सगळं पाहिलं. वॉटर पंपाच्या ग्लँडमधून थेंब गळत होता. या गाडीत तिथे ग्रॅफाइटची दोरी गुंडाळलेली असते, नट अर्धा आटा फिरवला की थेंब थांबतो. पण पूर्ण आवळू नका. दोरी जळते आणि शाफ्ट खरवडतो. अधूनमधून एखादा थेंब पडणं चांगलं लक्षण समजायचं.

कर्नाळ्याची चढण सौम्य आहे, तरी गाडीची परीक्षा तिथेच झाली. स्टिअरिंगखाली दोन दांड्या असतात, एक ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारी, दुसरी हाताने ऍक्सिलरेटर देणारी. चढावर इंजिन ठोकायला लागलं की ठिणगीची दांडी किंचित वर घ्यायची, आवाज लगेच मोकळा होतो. आजच्या गाडीत हे काम कंप्युटर करतो. इथे ते आपलं कान आणि बोट करतात. मला या गाडीत सगळ्यात जास्त हेच आवडतं.

अभयारण्याच्या दारापाशी साडेनऊला पोचलो. डबा खाल्ला, झाडाखाली गाडी उभी केली, माणसं जमली, मुलांना आत बसून फोटो काढू दिले. मुलांना बसू द्या, पण एकाने हँडब्रेकपाशी उभं राहा.

निघायचं होतं दहाला, निघालो अकराला. ही आमची चूक, आणि पुढचा सगळा त्रास त्यातून आला.

निघतानाच स्टार्टर कण्हत होता. खरं तर महिनाभर आधी हाच त्रास होता आणि त्याचं कारण माझ्या लक्षात आलेलं होतं. एका इलेक्ट्रिशियनने बॅटरीची केबल बदलताना बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली होती. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच संपतं. जाड केबल घातली, दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, तेव्हा फरक पडला. त्याच माणसाने बॅटरी उलटीही लावली होती. मॉडेल एचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला. उलटी लावली तर डायनॅमोच्या कटआउटचे, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटू शकतात. कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी देताना बॅटरीवर ठळक अक्षरात कागद चिकटवून द्या, मी आता तसंच करते.

तापलेल्या इंजिनाला मात्र जाड केबलही पुरली नाही. शेवटी पुढून हाताने इंजिन फिरवायचं हँडल मारलं. इथे एक गोष्ट जपा: ठिणगीची दांडी पूर्ण वर, म्हणजे वेळ मागे. ती खाली राहिली तर इंजिन उलटा झटका मारतं आणि मनगट मोडतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. आणि खालून वर खेचायचं, वरून खाली दाबायचं नाही. मामांनी मला हे लहानपणी शिकवलं तेव्हा आधी हँडल नसलेल्या हाताने दहा वेळा करून घेतलं होतं. तिसऱ्या खेचीला चालू झाली.

कळंबोलीला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ट्रकांची रांग, ऊन डोक्यावर. दहा मिनिटं पावला-पावलाने चाललो आणि इंजिन खोकायला लागलं. पेट्रोल होतं, मी काठी बुडवून पाहिली. (काठी लागते, कारण काटा शून्यावर अडकलाय. त्याचा कॉर्कचा तरंगा शेलॅकने मढवलेला असतो, इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलने शेलॅक विरघळतं, कॉर्क पेट्रोल पितो आणि बुडतो. कॉर्कच्या जागी नायट्राइल रबराचा तरंगा बसवायचाय. तोवर बांबूची काठी, पाच-पाच लिटरच्या खुणा करून.) म्हणजे वाफ धरली. आजचं पेट्रोल सहज उकळतं, आणि इथे कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळ, वर पंपाचा रेटा नाही. नळीत वाफेचा बुडबुडा अडकला की पेट्रोल उतरतच नाही.

उड्डाणपुलाच्या सावलीत गाडी बाजूला घेतली, भाच्याने मागे त्रिकोण ठेवला. मामांनी डिकीतून फडकं आणि पाण्याची बाटली काढली, फडकं भिजवून नळीवर गुंडाळलं. पाणी फक्त नळीवर. कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडात थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी टाकायचं नाही, लोखंड तडकतं. बोनेटच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून वीस मिनिटं थांबलो. पहिल्याच खेचीला चालू झाली. परत निघताना दोन ओली फडकी पाटीत तयार ठेवली आणि उरलेला रस्ता जमेल तेवढा न थांबता काढला. थांबावंच लागलं तर इंजिन बंद केलं. पावणेदोनला घरी. 

कागदपत्रांचं सांगून टाकते, कारण हे सगळ्यांना विचारावंसं वाटतं. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. आधीच नंबर असेल तर तो राखता येतो. पण अशी गाडी रोज वापरायला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणायची. आमच्यासारखी चाचणी फेरीही कागद आणि विमा बरोबर घेऊनच करा. आणि पहिली गाडी घेणार असाल तर दुर्मीळ गाडीच्या मोहात पडू नका. मॉडेल एच्या 48 लाखांहून जास्त गाड्या बनल्या, म्हणून तिचे सुटे भाग अमेरिकेत आजही नवे बनतात. बाकी किरकोळ खिळा-नट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडून मिळतो.

सोमवारी संध्याकाळी मामा आले. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही, म्हणून तेल नेहमी 800 किलोमीटरला बदलतो. बांधणीनंतर पहिलं मात्र शंभरातच काढायचं ठरवलं होतं. गरम करून काढलं आणि पांढऱ्या सुती कापडातून गाळलं. मामांनी कापड ट्यूबलाइटखाली धरून सावकाश तिरकं केलं. चंदेरी चकाकी दिसली तर व्हाइट मेटल झिजतंय. दोन काळे ठिपके होते, कार्बनचे. चकाकी नव्हती. त्यांनी कापड घडी करून खिशात घातलं, उद्या वागळेला जाऊन टर्नरला दाखवायला.