कांद्याची मुळे, कोल्चिसिन आणि खिडकीतली बाटली : माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी ट्युब्युलिन हे प्रथिन निवडले, त्याचे कारण घरचेच होते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे आमची कांद्याची शेती आहे. त्या हंगामात पेंडिमेथॅलिन हे तणनाशक एका वाफ्यात जरा जास्त पडले, तेव्हा नाना चार रोपे उपटून घरी घेऊन आले आणि म्हणाले, "ह्या मुया काबर फुगी ग्यात?" (ही मुळे का फुगली?) मुळांची टोके खरोखरच गदेसारखी जाड आणि आखूड झाली होती. पेंडिमेथॅलिन ट्युब्युलिनला चिकटते, त्यामुळे त्याच प्रथिनापासून उभ्या राहणाऱ्या पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनत नाहीत, पेशी लांब वाढण्याऐवजी चहूकडे फुगतात आणि त्यांचे विभाजन अर्ध्यावर अडकते, एवढे मी वाचलेले होते. डोळ्यांनी पाहिलेले मात्र काहीच नव्हते.

मार्गदर्शक मॅडमनी सुरुवात कोल्चिसिन या पेशीविभाजन अडवणाऱ्या रसायनापासून करायला सांगितली, आणि ते योग्यच होते, कारण या प्रथिनाची ओळखच मुळी या रसायनामुळे पटली. आल्बर्ट लेव्हान यांनी 1938 साली कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम तपासून अडकलेल्या विभाजनाचे वर्णन केले होते. पण ते पेशीत नेमके कशाला धरते, हे कळायला 1967 साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागोमध्ये बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी ट्रिटियम जोडलेले कोल्चिसिन वापरून ते ज्या प्रथिनाला बिलगते त्याचा माग काढला, आणि पुढे त्यालाच ट्युब्युलिन हे नाव मिळाले. हेच कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असते, म्हणून तो कंद विषारी. प्रयोगशाळेतही ते हातमोज्यांशिवाय हाताळायचे नाही, ही ताकीद मॅडमनी पहिल्याच दिवशी दिली होती.

कृती साधी आहे. कांद्याचा तळ पाण्याला टेकेल असा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात, ती 0.05 टक्के कोल्चिसिनमध्ये तीन-चार तास बुडवायची, मग अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून, गरम सौम्य आम्लात मऊ करून, ॲसिटो-ऑर्सिनने रंगवून काचेवर दाबायची. एप्रिलच्या उन्हात पाणी कोमट होऊन मुळे सडायची, म्हणून मी कांद्याचे पेले माठाच्या ओल्या वाळूत रोवून ठेवत असे. पहिल्या आठवड्यातल्या स्लाइड फार सुंदर आल्या. साध्या पाण्यातल्या मुळांत सोळा गुणसूत्रे पेशीच्या मधोमध नीट रांगेत उभी होती, तर कोल्चिसिनमधल्या मुळांत तर्कूच (गुणसूत्रांना रांगेत आणणारा सूक्ष्मनलिकांचा सांगाडा) नसल्यामुळे तीच सोळा गुणसूत्रे पेशीभर विखुरलेली होती, आखूड, जाड आणि प्रत्येक फुलीच्या आकाराचे.

तिसऱ्या आठवड्यात मात्र तेच द्रावण, तेवढाच वेळ आणि तशीच मुळे असूनही परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला. मी रंग बदलला, आम्लाचा वेळ बदलला, कांदेही बदलले. शेवटी मॅडमनी बाटली कुठे ठेवतेस, असे विचारले. ती साध्या पारदर्शक काचेची बाटली पश्चिमेच्या खिडकीत होती आणि दुपारी तिच्यावर थेट ऊन येत होते. कोल्चिसिनवर अतिनील किरण पडले की त्याच्या रेणूतले एक वलय आतल्या आत जुळून ल्युमिकोल्चिसिन तयार होते, आणि ते ट्युब्युलिनला धरत नाही. कोल्चिसिन साधारण 350 नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते, ल्युमिकोल्चिसिनमध्ये आलेखावरचा तो उंचवटा नाहीसा होतो. खिडकीतले द्रावण पन्नासपट पातळ करून मी स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रात, ठेवले, शेजारी त्याच दिवशी केलेले ताजे द्रावण ठेवले, आणि पडद्यावर जुन्या द्रावणाचा उंचवटा बसलेला पाहून मला रडू यायचे तेवढे राहिले. दोन आठवड्यांची मुळे वाया गेली होती.

त्या दिवसाने माझा प्रकल्प बदलला. मॅडम म्हणाल्या की आता हेच मुद्दाम कर. रसायनशास्त्र विभागातल्या यूव्ही चेंबरमध्ये 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली मी पेट्री डिशमध्ये द्रावणाचा पातळ थर ठेवला आणि 350 जवळचा उंचवटा पूर्ण बसेपर्यंत दर थोड्या वेळाने मोजत राहिले. अशा रीतीने त्याच बाटलीतून, तेवढ्याच वजनाचे, पण ट्युब्युलिनला न धरणारे द्रावण कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून मिळाले. साधे पाणी हा कंट्रोल इथे पुरत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. कारण रसायने एकाच प्रथिनाशी इमान राखत नाहीत. प्राण्यांच्या पेशींत कोल्चिसिन न्यूक्लिओसाइडच्या वाहतुकीतही अडथळा आणते, आणि ल्युमिकोल्चिसिनही तो आणते, म्हणजे तो परिणाम ट्युब्युलिनमुळे होत नाही. शिवाय वनस्पतींचे ट्युब्युलिन कोल्चिसिनला फार सैल धरते, त्यामुळे प्राण्यांच्या पेशींना लागते त्याच्या सुमारे हजारपट मात्रा आम्ही मुळांना देत होतो, आणि एवढ्या मात्रेला दुसरीकडे कुठे लागत असेल ही शंका घ्यायलाच हवी.

पेंडिमेथॅलिनच्या बाबतीत वनस्पतींचे ट्युब्युलिन उलट वागते; त्याच्या कुळातली रसायने वनस्पतींच्या ट्युब्युलिनला घट्ट धरतात आणि प्राण्यांच्या ट्युब्युलिनकडे फारसे पाहत नाहीत. आधी मी शेतातल्या खोलीतली बाटलीच वापरणार होते, पण त्यात 30 टक्के पेंडिमेथॅलिन, बाकी द्रावक आणि पायसीकारक. मूळ फुगले तर ते कशाने, हे सांगता आले नसते. म्हणून शुद्ध पावडर मागवली. ती पाण्यात लिटरला जेमतेम 0.3 मिलिग्रॅम विरघळते, म्हणून डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवून घेतली आणि कंट्रोलच्या मुळांनाही तेवढेच, म्हणजे 0.1 टक्के, डीएमएसओ दिले. या कुळाबद्दलचा मला सर्वांत पटलेला पुरावा मात्र अमेरिकेतल्या कपाशीच्या शेतांतून आलेला आहे. तिथे नाचणीच्याच वंशातले एक रानगवत या तणनाशकांना दाद देईना, आणि 1998 मध्ये दिसून आले की त्याच्या अल्फा-ट्युब्युलिनमध्ये (ट्युब्युलिनच्या दोन घटकांपैकी एकात) 239 व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन बसले आहे. एक अमिनो आम्ल बदलताच रसायन निकामी होते, तेव्हा ते ट्युब्युलिनवरच काम करते याबद्दल शंका उरत नाही.

मे महिन्यात स्लाइड पूर्ण झाल्या. ताज्या कोल्चिसिनमध्ये आणि पेंडिमेथॅलिनमध्ये गुणसूत्रे विखुरलेली, आणि पाण्यात, डीएमएसओत व ल्युमिकोल्चिसिनमध्ये ती रांगेत, असे चित्र प्रत्येक फेरीत आले. त्यानंतर नानांच्या वाफ्यातली ती मुळे काढली, जी मी पहिल्या दिवशीच स्थिर करून अल्कोहोलमध्ये जपून ठेवली होती. नाना प्रयोगशाळेत आले, त्यांनी चष्मा काढून डोळा लावला, आणि मी त्यांना विखुरलेल्या फुल्या मोजायला लावल्या. चित्र हुबेहूब तेच होते. तरी वहीत त्या स्लाइडपुढे मी पेंडिमेथॅलिनचे नाव लिहिले नाही. "फवारलेल्या वाफ्यातील मूळ, न फवारलेल्या वाफ्यातील मूळ घेतलेले नाही" एवढेच लिहिले, आणि पुढच्या हंगामात एक वाफा तणनाशकाविना मोकळा सोडायचे नानांकडून कबूल करून घेतले.