पावती आहे, गेम नाही

2019 मध्ये कुणीतरी फॉर्म्युला वनची एक गाडी घेतली, खरी नाही, गेममधली, आणि 1 लाख डॉलरच्या वर मोजून घेतली. गेमचं नाव एफ1 डेल्टा टाइम, गाडी म्हणजे एनएफटी, म्हणजे डिजिटल वस्तूची मालकी दाखवणारी पावती, आणि ती इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर पसरलेल्या सामायिक वहीत, नोंदलेली, कुणी पुसू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही, वगैरे वगैरे. मार्च 2022 मध्ये फॉर्म्युला वनचं लायसन्स रिन्यू झालं नाही आणि गेमच बंद पडला. नोंद शाबूत आहे हं, ती खरंच कुणी पुसली नाही, फक्त ती गाडी चालवायची कुठे हा प्रश्न उरला. कंपनीने बदल्यात दुसऱ्या रेसिंग गेममधल्या वस्तू देऊ केल्या, पण मग "कंपनीवर अवलंबून राहायला नको" या मूळ गोष्टीचं काय झालं?

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे मी विंडोजऐवजी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर गेम खेळतो आणि लिनक्सवाल्यांना आणि एनएफटीवाल्यांना एकाच माळेचे मणी समजणारे लोक मला सारखे भेटतात. दोघंही स्वातंत्र्य, ओपन, डिसेंट्रलाइज्ड असलेच शब्द वापरतात त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याचा गोंधळ होणारच. पण माझ्या मते दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कंपॅटिबिलिटी, म्हणजे एकीकडची गोष्ट दुसरीकडे चालणं, या एकाच गोष्टीत आहे.

आधी लिनक्सचं सांगतो. वाइन हा प्रोजेक्ट 1993 पासून चालू आहे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचे म्हणून, आणि बरीच वर्षं त्यावर गेम चालवणं म्हणजे नुसता वैताग होता, कधी आवाज नाही तर कधी स्क्रीन काळी. मग 2012 मध्ये विंडोज 8 आलं, स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रमुखाने, गेब न्यूवेलने, त्याला सरळ कॅटॅस्ट्रॉफी म्हटलं, कारण मायक्रोसॉफ्टने उद्या स्वतःच्या स्टोअरशिवाय काही चालूच दिलं नाही तर स्टीमचं दुकान बंद, ही भीती होती. म्हणजे समाजसेवा वगैरे काही नाही, धंदा वाचवायचा होता. 2015 मध्ये स्टीम मशीन हे लिनक्सवर चालणारं गेमिंग यंत्र आलं आणि आपटलं, कारण लिनक्सवर गेमच नव्हते आणि गेम कंपन्या एवढ्याशा लोकांसाठी गेमची वेगळी लिनक्स आवृत्ती करत बसणार नव्हत्या.

त्यातून शहाणपण घेऊन ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आलं. प्रोटॉन म्हणजे वाइनच, पण त्यात व्हॉल्व्हने पैसे देऊन बसवलेले लोक आणि डीएक्सव्हीकेसारखे तुकडे. डीएक्सव्हीके हे फिलिप रेबोलने चालू केलं, त्याला नियर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता. चित्रं काढायला गेम विंडोजच्या डायरेक्टएक्समध्ये बोलतो, हे मधे बसून ते लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये सांगतं. इम्युलेटर नाहीये, प्रोसेसर तोच असतो आणि सूचनाही त्याच, फक्त विंडोजकडे मागितलेल्या गोष्टी लिनक्स देतं. म्हणून स्पीड फारसा जात नाही, आणि कधीकधी तर उलटंच होतं, 2022 मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा पीसीवर तो अडखळत होता आणि व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्येच असं काही केलं की स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचं हातात धरायचं, लिनक्सवर चालणारं गेमिंग यंत्र) ते अडखळणं बरंच कमी झालं.

ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांनी एकदा स्टीमच्या फोल्डरमध्ये स्टीमॲप्स, त्यात कॉम्पॅटडेटा उघडून बघा. आत नुसत्या आकड्यांची नावं असलेले फोल्डर दिसतील, प्रत्येक आकडा म्हणजे एक गेम, आणि त्यातल्या पीएफएक्समध्ये गेलात की चक्क एक सी ड्राइव्ह! विंडोज फोल्डर, सिस्टिम32, युजर्समध्ये स्टीमयुजर नावाचा एक बिचारा युजर, त्याचं माय डॉक्युमेंट्स, सगळं. गेमला वाटतं आपण विंडोजच्या घरी आहोत. प्रत्येक गेमला स्वतःचं वेगळं खोटं घर, म्हणजे एकाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची फाइल) दुसऱ्याला त्रास देत नाही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा इतकं भारी वाटलेलं की मी गेम खेळायचं सोडून फोल्डरच चाळत बसलो. आणि एखादा गेम सुरू होत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनचं जुनं व्हर्जन निवडायचं, नाहीतर जीई प्रोटॉन ही व्हॉल्व्हबाहेर सुधारलेली आवृत्ती टाकायची, आणि तेही नाही जमलं तर प्रोटॉनडीबी या साइटवर जायचं, तिथे कुणीतरी तुमच्याच ग्राफिक्स कार्डवर डोकं फोडून उत्तर लिहून ठेवलेलं असतं, फुकट.

मुद्दा हाच आहे. कंपॅटिबिलिटी ही मेहनत असते. एकेका गेमसाठी कुणीतरी बसून बघितलेलं असतं की हा गेम अमुक फंक्शन विचित्र पद्धतीने कॉल करतो आणि विंडोज त्याला अमुक उत्तर देतं, मग आपणही तेच उत्तर द्यायचं, अगदी विंडोजच्या चुकांसकट. असं हजारो वेळा केलं तेव्हा कुठे फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक लोकांच्या हातात आला आणि लोकांना आपण लिनक्स वापरतोय हे कळलंसुद्धा नाही.

आता एनएफटीवाले काय सांगत होते ते आठवा. या गेममधली तलवार त्या गेममध्ये न्या! ऐकायला मस्त. पण तलवार म्हणजे काय असतं, थ्रीडी मॉडेल, टेक्श्चर, हातात धरायचं ॲनिमेशन, डॅमेजचा आकडा, आणि हे सगळं दुसऱ्या गेमच्या इंजिनमध्ये कुणीतरी नव्याने बसवायला लागतं, बॅलन्स करायला लागतं, आणि तो दुसरा स्टुडिओ पहिल्याच्या गिऱ्हाइकासाठी ही हमाली का करेल? टोकनमध्ये, म्हणजे त्या एनएफटीत, यातलं काहीच नसतं, टोकन म्हणजे एक नंबर आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी फाइलचा पत्ता. सातबारा नावावर आहे पण जमीन धरणात गेलीय, तसला प्रकार.

आणि युबिसॉफ्ट या गेम कंपनीने डिसेंबर 2021 मध्ये क्वार्ट्झ ही एनएफटी योजना आणली ती तर फारच मजेशीर होती. घोस्ट रिकन ब्रेकपॉइंटमध्ये हेल्मेट, बंदूक वगैरे, प्रत्येकावर वेगळा नंबर, टेझोस ब्लॉकचेनवर. ब्रेकपॉइंट हा 2019 चा गेम, खेळणारे आधीच पांगलेले, आणि एप्रिल 2022 मध्ये सांगितलं की आता यात नवीन काही येणार नाही. ट्रेलरला लोकांनी डिसलाइकने झोडपलं ते वेगळंच. डिसेंबर 2021 मध्येच स्टॉकर 2 या गेमच्या लोकांनीही एनएफटी जाहीर केलं आणि इतका आरडाओरडा झाला की एकदोन दिवसांत परत घेतलं. मोजांगने जुलै 2022 मध्ये आपल्या माइनक्राफ्टमध्ये एनएफटीवर बंदी घातली.

लोक इतके का चिडले होते याचं अर्धं उत्तर ग्राफिक्स कार्ड आहे, हे कुणी नीट सांगत नाही. 2021 मध्ये इथेरियम मायनिंगमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर वीज जाळून गणितं सोडवत क्रिप्टो कमावण्यामुळे, कार्ड मिळत नव्हतं, मिळालं तर दुकानदार दुप्पट भाव सांगायचा आणि वर "उद्या याहून महाग होईल" असं ऐकवायचा. मी स्वतः तेव्हा जुन्याच कार्डावर दिवस काढले. त्यात वर हे लोक येऊन सांगणार की गेममध्येही आता क्रिप्टो घ्या, मग शिव्या नाही तर काय मिळणार! पण खरं बोलायचं तर वीज खाण्याचा आरोप आता तेवढा लागू नाहीये, सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने मायनिंगच सोडून दिलं आणि विजेचा खप 99 टक्क्यांहून जास्त घटला. अजूनही "एनएफटी म्हणजे जंगलं जळतायत" म्हणणाऱ्यांनी मुद्दा बदलायला हवा, कारण खरा मुद्दा वेगळा आहे आणि जास्त भक्कम आहे: टोकन तुमचं, पण गेम कंपनीच्याच हातात.

आता गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांकडे बघा. व्हॉल्व्हने ऑक्टोबर 2021 मध्ये नियमात लिहून टाकलं की क्रिप्टो किंवा एनएफटीची देवाणघेवाण करणारे गेम स्टीमवर चालणार नाहीत. असंच दुकान चालवणाऱ्या एपिकचा प्रमुख टिम स्वीनी त्याआधी म्हणालेला की आम्ही एनएफटीला हात लावत नाही, त्यात फसवाफसवी फार आहे, पण व्हॉल्व्हने बंदी घातल्यावर म्हणाला आमच्या दुकानात असे गेम आले तर चालतील, नियम पाळा. आणि ज्या एपिकला ब्लॉकचेन चालतं त्याच एपिकचा फोर्टनाइट मात्र लिनक्सवर चालत नाही! वास्तविक इझी अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधले चीटर पकडणारी सिस्टिम, ही एपिकचीच, आणि 2021 पासून ती प्रोटॉनवर चालू शकते, गेम बनवणाऱ्याने तेवढी परवानगी द्यायची. कित्येक जण देत नाहीत. एपेक्स लेजंड्सने तर दिलेली परवानगी ऑक्टोबर 2024 च्या शेवटी काढून घेतली, चीटर लिनक्सवरून येतात म्हणून. त्याआधी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय ही दुसरी अँटी-चीट आली आणि डेकवाल्यांचा ऑनलाइन मोड गेला. व्हॅलोरंटचा तर प्रश्नच नाही, त्याच्या व्हॅनगार्ड या अँटी-चीटला थेट विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे अगदी गाभ्यात, बसायचं असतं. म्हणजे तांत्रिक भाग बराचसा सुटलाय, राहिलाय तो "आमची इच्छा नाही" हा भाग, आणि त्यावर ना प्रोटॉनकडे इलाज आहे ना ब्लॉकचेनकडे.

व्हॉल्व्ह पण काही धुतल्या तांदळासारखं नाहीये. त्यांच्या काउंटर-स्ट्राइक गेममधल्या स्किन, म्हणजे हत्यारांची सजावट, हे डिजिटल कलेक्टिबल नाही तर काय आहे? स्टीमच्या मार्केटमध्ये विकलं की एकूण 15 टक्के कट, पैसे स्टीम वॉलेटमध्येच अडकतात, बँकेत येत नाहीत, म्हणून मग लोक बाहेरच्या साइटवर जातात आणि तिथे काय काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. ऑक्टोबर 2025 मध्ये एका अपडेटने ट्रेड-अपचा, म्हणजे कमी दर्जाच्या स्किन देऊन वरची घ्यायचा, नियम बदलला, पाच लाल (दुर्मिळ) स्किन देऊन चाकू मिळू लागला, आणि चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. एनएफटीवाले म्हणाले बघा, म्हणून ब्लॉकचेन पाहिजे. अरे पण ब्लॉकचेनवर असता तरी गेममध्ये चाकू किती पाडायचे हे व्हॉल्व्हच ठरवणार ना! टंचाई गेमच्या सर्व्हरवर तयार होते, ब्लॉकचेनच्या वहीत नाही.

(आपल्याकडे तर एप्रिल 2022 पासून क्रिप्टो-एनएफटीच्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स, तोटा झाला तर वळता करून घेता येत नाही, आणि जुलैपासून वर 1 टक्का टीडीएस. तलवार विकून श्रीमंत होणाऱ्यांनी सीएला पण पार्टीत घ्यावं.)

मालकीचा प्रश्न खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. युबिसॉफ्टने मार्च 2024 च्या शेवटी द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातून गेला, त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात 10 लाखांच्या वर सह्या झाल्या. त्यांची मागणी टोकन नाहीये, त्यांची मागणी आहे की बंद करताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. ऑक्टोबर 2024 पासून स्टीमच्या कार्टमध्येही स्पष्ट लिहिलेलं दिसतं की तुम्ही लायसन्स घेताय, कॅलिफोर्नियातल्या कायद्याच्या दणक्याने.

म्हणून सिंगल प्लेयर गेम जीओजी या डीआरएम (कॉपीवरचं कुलूप) नसलेले गेम विकणाऱ्या दुकानात असेल तर मी तिथून घेतो, ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवतो आणि हिरोइक लाँचरमधून प्रोटॉनवर चालवतो. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलायच्या आधी कॉम्पॅटडेटाचा बॅकअप घ्या, सगळ्या गेमना क्लाउड सेव्ह नसतं आणि सेव्ह फाइल त्या खोट्या सी ड्राइव्हच्या आत बसलेली असते. मल्टिप्लेयरवाल्यांनी लिनक्सवर यायच्या आधी कुठल्या गेमची अँटी-चीट लिनक्सवर चालते याच्या ऑनलाइन यादीत आपला गेम कुठे आहे ते बघून घ्या, तिथे लाल रंग असेल तर ड्युअल बूट ठेवा, म्हणजे विंडोजही सोबत ठेवा.