दावणीला दोन, भाव एकालाच

दूधगंगा ओलांडून कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की पाट्या कन्नड होतात, बोलणं मात्र आपलंच राहतं. निपाणीत उतरून तंबाखूच्या वासात चहा घेतला, चिकोडीची बस धरली आणि दुपारच्या जेवणाला आत्तीच्या गावात पोचलो. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, दरवर्षी माघी पौर्णिमेला बैलगाडी जुंपून चिंचलीच्या मायाक्कादेवीला जातात. लहानपणी मी दोनदा त्या गाडीत होतो, पुढे राहूनच गेलं. यंदा आत्तीचा फोन आला, "येणार असलास तर ये बाबा. ह्यो साल गाडीचा शेवटचाच दिसतोय. मामा बैलं इकतो म्हणालेत."

गोठ्यात गेलो. चार म्हशी, एक संकरित गाय आणि कोपऱ्यात खिलार जोडी, हरण्या आणि पाखऱ्या. पाखऱ्या चौसा, म्हणजे चार दात झालेला, अंगानं तुकतुकीत. हरण्या बारा-तेरा वर्षांचा. दात कधीच जुळलेत आणि आता झिजून खुंटं झालीत. मामांनी मला त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्यांपाशी दातांमध्ये फटी पडल्या होत्या आणि त्यात वाढ्याचं, म्हणजे उसाच्या शेंड्याचं, एक हिरवं पातं अडकलं होतं. मामांनी ते नखानं अलगद काढलं.

साखर कारखाने चालू असेपर्यंत या पट्ट्यात जनावरांपुढे उसाचे वाढेच पडतात, कारण ते स्वस्त आणि बांधावर मिळतात. पण वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून बाहेर नेतं. नुसत्या वाढ्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेलं जनावर हळूहळू खंगतं आणि दुधाचं तर अंगावरचंच काढून देतं. मामा वाढे कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपतात. रात्री बादलीत चुना भिजवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी घ्यायचं. हे त्यांना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या मागे रसायनशास्त्र आहे हे मामांना ठाऊक नसेल, पण म्हशी पान्हवायला लागल्या एवढं त्यांना दिसलं. संशोधन गोठ्यात उतरलं की असं दिसतं, आणि मला ते बघून फार बरं वाटलं.

रात्री नऊला गाडी निघाली. बाज, गोधडी, भाकरीचं गाठोडं, कंदील. पुढे-मागे अजून सात-आठ गाड्या होत्या, दोन तर थेट सांगलीकडून आलेल्या. घुंगरांच्या आवाजात गप्पा सुरू झाल्या आणि गप्पा जनावरांच्याच.

शेजारच्या गाडीतल्या अण्णांनी आपल्या बैलाच्या पाठीवर बॅटरी मारली. रुपयाएवढे केस गेलेले, काळसर, कडक चट्टे. लंपी या जनावरांच्या त्वचारोगाच्या खुणा. २०२२ साली या भागात लंपीनं थैमान घातलं. अंगावर गाठी, ताप, पाय सुजलेले, चाऱ्याला तोंड नाही. माश्या, डास, गोचीड एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रोग नेत होते आणि दोन्ही राज्यांत जनावरांचे बाजार बंद पडले. तेव्हा हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसारच्या अश्व संशोधन केंद्रानं इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेसोबत लंपीच्याच विषाणूपासून केलेली 'लंपी-प्रोव्हॅक' पुढे आली. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकातल्याच मालूरच्या 'बायोवेट'च्या लशीला परवाना मिळाला. तिची खुबी अशी की लस टोचलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर रक्ततपासणीत वेगळं ओळखता येतं. दोन राज्यांच्या रेषेवर जनावरं विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट लसीइतकीच मोलाची आहे. एका बाजूला साथ आली की सगळाच बाजार झोपतो, त्याऐवजी निदान निरोगी जनावर कोणतं हे दाखवता येईल.

अण्णांच्या एका गाईच्या खुराजवळच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या, टर्पेंटाईनचा बोळा घालून त्यांनी काढल्या. त्यावरून मी त्यांना अमेरिकेचं सांगितलं. तिकडे जखमेत अंडी घालणारी एक माशी आहे, न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. नर माश्या प्रयोगशाळेत वांझ करून लाखोंनी सोडायच्या, या युक्तीनं अमेरिकेनं तिला १९६६ पर्यंत आपल्या देशातून हुसकावलं होतं. ती पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या जनावरांना सीमा बंद केली, मग उघडली, मे २०२५ मध्ये पुन्हा बंद. त्यात दुष्काळानं आधीच कळप आटलेले. २०२५ च्या जानेवारीत तिथली गुरं ८ कोटी ६७ लाख भरली, १९५१ नंतरची सगळ्यात कमी. तिथला शेतकरी गुरं मुख्यतः मांसासाठी पाळतो, त्याचा सगळा पैसा जनावराच्या शेवटच्या दिवशी मोकळा होतो. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्येंच्यात शेवटच्या दिसाला पैसा, आन्‌ आमच्यात त्या दिसापास्नं खर्च."

यात सगळं आलं. कर्नाटकात कत्तलीबद्दलच्या १९६४ च्या कायद्यात बारा वर्षांवरच्या बैलाला वाट होती. २०२० चा कायदा जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि गाय, वासरू, बैल, वळू कुठल्याही वयाचा असो, कत्तल बंद झाली. तेरा वर्षांवरची म्हैस तेवढी दाखल्यानिशी. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड पन्नास हजार ते पाच लाख, वाहनही जप्त. नदीपलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाला बंदी आहे, म्हशीला तेरा वर्षांची अट नाही. म्हणून या पट्ट्यात लोक गाई कमी करून म्हशी वाढवताहेत. मामांच्या गोठ्यातले आकडे उगाच तसे नाहीत.

मामा माळकरी आहेत, हरण्याला कसायाच्या दारात नेणं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. पण पूर्वी म्हातारा बैल कुणीतरी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, नेत असे, पुढचं कुणी विचारत नसे, आणि त्या पैशात नवा खोंड यायचा. ती साखळी तुटली. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन टन. ती कुणी घालायची? मला स्पष्ट वाटतं, ज्यांनी कायदा केला त्यांनी वैरणीचाही विचार करायला हवा होता. पाया पडायला सगळे येतात, कडबा शेतकऱ्यालाच घालावा लागतो. ट्रॅक्टरनं बैलाचं काम आधीच नेलं होतं, त्यात हे. देशात २०१२ मध्ये नर गोवंश ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ च्या गणनेत ४ कोटी ७४ लाख उरला.

आता कृत्रिम रेतनासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य, आल्यात, त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. देशी तंत्रानं केलेली 'गौसॉर्ट' ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला जाहीर झाली. साध्या मात्रेपेक्षा गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी, तरी लोक घेतात. पुढच्या पिढीचा प्रश्न त्यानं सुटेलही. ज्याचे दात आज झिजलेत, त्याला त्याचा काय उपयोग?

उजाडता चिंचली आली. भंडाऱ्यानं माणसं, गाड्या, शिंगं सगळी पिवळी. दर्शन घेतलं, आणि मामा जोडी घेऊन बाजारात उभे राहिले. "एष्टरी?" म्हणजे "कितीला?" करत एक हेडी आला. पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, दात बघितले, खांदा दाबला. मग मामांचा हात धोतराच्या सोग्याखाली ओढून बोटांनीच भाव सांगितला. मामांनी मान हलवली, त्यानं एक बोट वाढवलं. सौदा जमत आला होता. मामा म्हणाले, "जोडी हाय. दोघं मिळून." हेड्यानं हरण्याकडे नुसतं बघितलं, ओठसुद्धा उचलला नाही. "ह्याचं काय करू, काका? वाटंत अडवत्यात. ह्याला तुमीच सांबाळा. तो एकटा देत असला तर आत्ता मोजतो."

बैलगाडा शर्यतींमुळे खिलार खोंडाला मागणी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचे कायदे उचलून धरले, त्यानंतर तर जास्तच. पाखऱ्याची रक्कम म्हणून खरोखर चांगली होती, मामांचं सोसायटीचं कर्ज त्यात फिटलं असतं. दुपारपर्यंत अजून तिघं येऊन गेले. तिघांनाही एकच हवा होता. हरण्या रवंथ करत बसला होता. पाखऱ्याला कुणी दोन पावलं बाजूला नेलं की तो उठून उभा राहायचा.

तीन वाजता मामांनी जू उचललं. मी काही बोललो नाही.

गावात पोचायला पहाट झाली. आत्ती दारातच होती, कंदील वर धरून तिनं विचारलं, "किती आलं?"

"दोघंबी आल्यात," मामा म्हणाले, आणि निवळीची बादली कुठं ठेवलीय ते विचारायला लागले.