‘माझी हरकत नाही’

एका संस्थेचे वकील आणि प्रशासकीय अधिकारी त्यांच्या एका महिला कर्मचाऱ्याला घेऊन सकाळी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या संमतीपत्रात कामाचे एकच वाक्य होते: ‘माझ्या फोनच्या तपासणीस माझी हरकत नाही.’ खाली त्या बाईंची सही होती. संस्थेच्या ग्राहकांची यादी बाहेर गेली होती, संशय त्यांच्यावर होता, आणि आपले नाव स्वच्छ व्हावे म्हणून त्यांनी स्वतःचा खासगी फोन देण्याची तयारी दाखवली होती. फोनमधील डिजिटल पुरावा न्यायालयात टिकेल अशा रीतीने काढून देणे हे माझे काम आहे.

त्या एका वाक्यावर मी काम सुरू करण्यास नकार दिला. वकिलांना तो वेळकाढूपणा वाटला. सही आहे, आणखी काय हवे, असे त्यांचे म्हणणे होते. पण फोन खासगी होता आणि तपासणी मागणारी संस्था त्यांना पगार देणारी होती. नाही म्हटले तर नोकरीवर गदा येईल, ही भीती असताना दिलेला होकार कितपत खरा मानायचा, हा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमावलीत दोन पक्षांच्या बळात उघड तफावत असेल तर संमतीवर विसंबू नये, असे म्हटले आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी, अशी अट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात एकमताने ठरवले की, अटक केलेल्या माणसाच्या खिशातील इतर वस्तू तपासाव्यात तसा फोन वॉरंटशिवाय तपासता येत नाही. तो निकाल पोलिसांच्या अधिकाराबद्दलचा होता, आमच्या प्रकरणाला तो थेट लागू नव्हता. तरीही फोन ही खिशातली साधी वस्तू नव्हे, हे त्यातील म्हणणे मला अगदी मूलभूत वाटते.

नवे संमतीपत्र लिहिण्यात दोन तास गेले. कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंत, कोणती ॲप, कोणते शोधशब्द, निकाल कोण पाहणार, प्रत कोणाकडे राहणार, आणि मध्येच संमती मागे घेतली तर काय करायचे, हे सर्व मी लिहून घेतले. बाईंनी ते दोनदा वाचले आणि छायाचित्रे पूर्णपणे वगळण्याची अट स्वतःच्या हाताने त्यात घातली.

मग फोन विमान मोडवर टाकून तो रेडिओ लहरी अडवणाऱ्या पेटीत ठेवला, कारण नेटवर्क मिळाले तर दुरून आलेल्या आज्ञेने त्यातील सर्व मजकूर पुसला जाऊ शकतो. पासकोड बाईंनी स्वतः टाकला. निवडक भागाचीच प्रत घेण्याची सोय असते. पण पुसलेल्या संदेशांच्या नोंदी पुष्कळदा त्याच डेटाबेस फाइलच्या मोकळ्या पानांत पडून असतात, आणि अर्धवट प्रतीवर पुढे ‘सोयीचे तेवढेच घेतले’ असा आक्षेप येतो. म्हणून संपूर्ण फाइल-प्रणालीची प्रत घेतली आणि तिचे एसएचए-२५६ पद्धतीने हॅश मूल्य, म्हणजे त्या प्रतीचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून ६४ अक्षरांची ती ओळ ताबा-नोंदीत, म्हणजे पुरावा कोणाच्या हातात केव्हा होता याच्या नोंदीत, लिहिली. प्रतीतील एक बिट जरी बदलला, तरी ही ओळ पूर्णपणे वेगळी येते.

शोध सुरू झाला. शोधशब्दांत ग्राहकांची आडनावे होती, आणि त्यांतले एक आडनाव बाईंच्या डॉक्टरांचेही होते. तारखांच्या मर्यादेत बसणारा एक निकाल मी उघडला आणि पडद्यावर त्यांच्या आजाराविषयीचा संवाद आला. मी दोन ओळी वाचल्या आणि तो बंद केला. तेवढ्या वेळात माझ्या मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनीही तो पाहिला होता. त्यांना त्या खोलीत उभे राहू देणे ही माझी चूक होती. ‘निकाल कोण पाहणार’ या रकान्यात त्यांचे नाव नव्हते, आणि तो रकाना मीच लिहिला होता.

यादी पाठवल्याचा कोणताही माग फोनमध्ये सापडला नाही. संस्थेच्या क्लाउड खात्याच्या नोंदी मागवल्यावर दिसले की ती यादी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडता येईल अशा सेटिंगवर ठेवलेली होती, आणि ते सेटिंग दुसऱ्याच खात्यावरून केले गेले होते.

अहवालात मी असंबद्ध निकाल उघडला गेल्याची वेळ, तो पाहणाऱ्या दोन्ही व्यक्तींची पदे आणि मर्यादाभंगाची कबुली लिहिली. आजाराचा उल्लेख मात्र कोठेही केला नाही. वकिलांनी तो परिच्छेद वगळण्याचा आग्रह धरला, कारण त्यामुळे संस्थेवरच दावा होऊ शकला असता. मी वगळला नाही. संध्याकाळी बाईंना समोर बसवून मी घडले ते सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी विचारले, “तो मजकूर तुमच्याकडच्या प्रतीतून काढता येईल का?”

काढता येणार नव्हता. काढला असता तर हॅश जुळले नसते, आणि त्यांना निर्दोष ठरवणारा पुरावाच संशयास्पद झाला असता. गरजेपुरतीच माहिती ठेवावी हे गोपनीयतेच्या कायद्याचे तत्त्व आहे, आणि मूळ प्रतीला हात लावू नये हे पुराव्याच्या कायद्याचे; त्या संध्याकाळी ही दोन्ही तत्त्वे एकाच माणसाच्या बाजूने उभी राहून एकमेकांना अडवत होती. मी त्यांना हे जसेच्या तसे सांगितले, कारण गुळमुळीत दिलासा देण्याचा अधिकार मी दुपारीच गमावला होता.

शेवटी प्रत कूटबद्ध केली आणि ती उघडणाऱ्या सांकेतिक वाक्याचे दोन भाग केले. पहिला भाग बाईंनी स्वतः निवडून आपल्या वकिलांकडे ठेवला, दुसरा मी निवडून मोहोरबंद पाकिटात घातला. दोघे एकत्र आल्याशिवाय आता ती प्रत कोणालाच उघडता येत नाही, मलाही नाही. वाद पूर्णपणे मिटल्याचे लेखी कळले की दोन्ही पक्षांसमोर ती नष्ट करायची, असे ठरले आहे. ते पत्र अजून आलेले नाही. पाकीट माझ्या कुलपी कपाटात आहे, आणि त्यावर बाईंची आडवी सही आहे.