आमची वाटचाल : आधी स्कॅन, मग वाद

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी आणि घरगुती ८ मिलिमीटरच्या फिती डिजिटल करून देण्यापासून आम्ही पुण्यात सुरुवात केली. आज आमच्याकडे ३५ मिलिमीटरचा स्कॅनर आहे, रिळं तपासायची टेबलं आहेत आणि ग्रेडिंगची, म्हणजे चित्राचा रंग-उजेड जुळवायची, अंधारी खोली आहे. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांचे वारस डबे घेऊन येतात. कुणी कोल्हापूरहून येतं, कुणी दादरहून. कधी परदेशात स्थायिक झालेली नात व्हिडिओ कॉलवर असते आणि डबे तिच्या मामाने आणलेले असतात. यंत्रं चालवायला आम्ही भराभर शिकलो. जुने करार वाचायला शिकण्यात मात्र आमची कितीतरी वर्षं गेली, कारण चित्रपट अडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

डबे ज्याच्या माळ्यावर, चित्रपट त्याचा, असं घरोघरी समजलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता आहे आणि त्याचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली लागलेल्या चित्रपटाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण ज्या कादंबरीवरून तो घेतला, तिच्या लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गीतकार-संगीतकारांचंही तसंच. शिवाय निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रिंट काढतात ती मूळ फीत, ही वस्तू म्हणून निराळीच. ती लॅबच्या व्हॉल्टमध्ये असते आणि बिल थकलं असेल तर लॅब ती सोडत नाही. फायनान्सरने कर्जापोटी ती अडकवून ठेवली असेल तर लॅबकडे तसं पत्र असतं आणि त्याच्या सहीशिवाय प्रिंट निघत नाही. कर्ज देणारा गेला, घेणारा गेला, तरी ते पत्र फाइलमध्ये तसंच असतं.

त्यात आणखी विक्रीचे करार. थिएटरचे हक्क सर्किटनुसार, म्हणजे वितरणाच्या विभागांनुसार, विकलेले: मुंबई एकाला, सीपी-बेरार दुसऱ्याला, निजाम तिसऱ्याला. पुढे व्हिडिओ आला, मग सॅटेलाइट, आणि दरवेळी कुणीतरी पैशांच्या गरजेपोटी ‘जगभराचे, कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली. २०१२ च्या दुरुस्तीने नवा नियम आणला. करारावेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हक्क विकले गेले असं धरायचं नाही. हा नियम दुरुस्तीआधीच्या करारांना लागतो का, यावरच दोन वकील आमच्या टेबलावर तासन्‌तास भांडले आहेत. म्हणून कुणीही डबे आणले की आम्ही तीन कागद मागतो: सेन्सॉर सर्टिफिकेट, लॅबचं पत्र आणि वारसांची यादी. सेन्सॉर सर्टिफिकेटवर अर्जदाराचं नाव असतं, शिवाय रिळांची संख्या आणि लांबीही असते. हातातली प्रिंट पुरी आहे की कुणी कापली आहे, हे त्यावरून कळतं.

वाद मिटेपर्यंत थांबावं, असं सुरुवातीला सगळेच म्हणायचे. पण फिल्म थांबत नाही. पन्नाशीच्या दशकानंतरच्या बहुतेक फिती ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या. उष्ण, दमट हवेत त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो आणि सुटलेलं ॲसिडच पुढचा नाश वेगाने घडवतं. फीत आकसते, वाकते, कडेची छिद्रं यंत्राच्या दात्यांना जुळेनाशी होतात. त्याआधीच्या नायट्रेट फिती तर पेटणाऱ्या. ८ जानेवारी २००३ ला इथे पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि किती काय गेलं, हे या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो.

कोल्हापूरच्या एका घरात तीन भावंडांचा एका कृष्णधवल चित्रपटावरून दावा चालू होता. थोरले काका आम्हाला म्हणाले, “कोर्टाचा निकाल लागू दे, मग बघू.” आम्ही डबा त्यांच्यासमोर उघडला. पाचव्या रिळाच्या कडा लाटेसारख्या झाल्या होत्या. त्यावर त्यांची धाकटी बहीण म्हणाली, “दादा, निकाल लागेल तेव्हा वाटून काय घ्यायचं?” त्या दिवसापासून आमच्याकडे स्कॅनचा वेगळा करार आहे. सगळे दावेदार फक्त एवढ्यालाच संमती देतात की फिल्म साफ होईल आणि बारीकसारीक तपशील टिपणारं ४के स्कॅन होईल. या सहीने कुणाचा हक्क मान्य होत नाही, कुणाचा सुटतही नाही. फाइलींच्या दोन टेप: एक आमच्याकडे, दुसरी सगळ्यांना चालेल अशा त्रयस्थाकडे. तडजोड किंवा कोर्टाचा आदेश होईपर्यंत एकही प्रत बाहेर जात नाही. खर्च सारखा वाटायचा आणि पुढे हिशेबात धरायचा. सेकंदाला २४ या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी असतात, तेव्हा खर्च लहान नाही, पण दाव्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

मोठ्या घरांचंही फार निराळं नाही. १९७५ च्या ‘शोले’ची थ्रीडी आवृत्ती निघाली तेव्हा दिग्दर्शक रमेश सिप्पी कुटुंबातल्याच हक्कधारकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. स्थगिती मिळाली नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये ती आवृत्ती लागली. पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससोबत केलेलं रिस्टोरेशन २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह दाखवलं गेलं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झाल्यामुळे काम इंटरपॉझिटिव्हवरून, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रतीवरून, करावं लागलं. ज्या चित्रपटाचे संवाद अख्ख्या देशाला पाठ आहेत, त्याच्या निगेटिव्हची ही अवस्था असेल, तर तालुक्याच्या टॉकीजमध्ये चालून गेलेल्या मराठी चित्रपटांचं काय होत असेल?

हक्क सुटले की दुसरा वाद उभा राहतो: चित्रपट दिसावा कसा? मालकाला तो नवा कोरा हवा असतो. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, पुसा, रंग भरा, मोबाइलच्या पडद्यावर बसेल असा वर-खाली कापा. ग्रेन म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यानेच बनलेलं असतं. ते पुसलं की चेहरे मेणाचे होतात. कायद्याने कर्ता निर्माता असल्यामुळे दिग्दर्शकाच्या हाती फार काही राहत नाही. तरी आम्ही दिग्दर्शक किंवा छायालेखक हयात असतील तर ग्रेडिंगला त्यांना बोलावतो, मालकाने तक्रार केली तरी. एका निर्मात्याच्या नातवाने रंगीत आवृत्तीचा हट्ट धरला तेव्हा आम्ही अट घातली की आधी कृष्णधवल आवृत्ती न कापता, मूळ आकाराच्या चौकटीत प्रदर्शित व्हायची. त्याने काम दुसरीकडे नेलं. अट अजूनही आमच्या करारात आहे.

कोल्हापूरच्या त्या भावंडांचा दावा अजून चालू आहे. पाचव्या रिळासकट सगळी रिळं स्कॅन झाली आहेत, टेप दोन्हीकडे सुरक्षित आहेत. स्कॅन कराराचा मसुदा आता आम्ही मागेल त्याला विनामूल्य देतो, काम आमच्याकडे करा अगर न करा. घरात डबे असतील तर ते प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका. कोरड्या, थंड जागी आडवे ठेवा, वास आला तर बाकीच्यांपासून वेगळे काढा आणि ज्या नातेवाइकांशी बोलणं बंद आहे त्यांनाही फोन करा.