जीपीएसच्या अलार्मला मोठा आवाज

बोटीवरच्या जीपीएसची आतली पीं-पीं इंजिन चालू असताना ऐकूच येत नाही आणि नांगर घसरतो तो नेमका झोपेत. बऱ्याच फिक्स्ड-माउंट (बोटीवर कायम बसवलेल्या) युनिटच्या केबलमध्ये अलार्मची वेगळी वायर असते. तिचा रंग मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजाने जोडू नका.

ही वायर सहसा १२ व्होल्ट देत नाही. अलार्म वाजला की ती आतून निगेटिव्हला जोडली जाते. खात्रीसाठी मल्टिमीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा या वायरला लावा. अलार्म वाजताना १२ च्या आसपास आकडा दिसला की झालं. मग बझरचा प्लस १ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीला आणि मायनस या वायरला.

खरी गोम करंटची. ही वायर अनेकदा जेमतेम १०० मिलिअँपिअर झेपवते. पिएझो बझर २०-३० मध्ये भागवतो, तो थेट चालतो. मोठ्या सायरनला मात्र रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच. गाडीचा रिले घेऊ नका, त्याची कॉइलच दीडशेच्या घरात ओढते. ३०-४० मिलिअँपिअरचा छोटा रिले घ्या आणि कॉइलवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. डायोड नसेल तर रिले सुटतानाचा व्होल्टेजचा झटका युनिटचं आउटपुट जाळू शकतो.

बझरचं तोंड खाली ठेवा, पाणी साचत नाही. चुंबकाचा हॉर्न असेल तर होकायंत्रापासून लांब. जोडांना टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) वायर आणि गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरा.

शेवटी चाचणीसाठी मेनूत अँकर अलार्म (नांगर घसरल्याचा इशारा) चालू करून त्रिज्या अगदी कमी ठेवा, बोट जरा सरकली की वाजलाच पाहिजे.